सातव्या रस्त्याच्या टोकाला

न्यू जर्सीत पाहुणा म्हणून आलेल्या मराठी माणसाचा कार्यक्रम बहुधा आधीच ठरलेला असतो. एक दिवस न्यू यॉर्क, दोन दिवस नायगारा, ब्रिजवॉटरला बालाजीचं दर्शन आणि एडिसनच्या ओक ट्री रोडवर खरेदी. भाचीने तसा कागद करून फ्रिजवर लावलाही होता. मी त्यात ॲव्हलॉनसाठी एक दिवस मागितला.

"तिकडे लोक जुलैत जातात, मामा. आत्ता नोव्हेंबरात आइस्क्रीमचं दुकानसुद्धा उघडं नसेल."

तिचं म्हणणं खरंच होतं. अटलांटिकच्या काठाला वाळूचं सात मैल लांबीचं एक बेट आहे, त्यावर ॲव्हलॉन आणि स्टोन हार्बर ही दोन श्रीमंत गावं. उन्हाळ्यात तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. थंडीत ॲव्हलॉनमध्ये कायमचे राहणारे हजार-बाराशे लोक तेवढे उरतात. पण दरवर्षी २२ सप्टेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत या गावातल्या सातव्या रस्त्याच्या टोकाला, समुद्राच्या बंधाऱ्यापाशी, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत कोणीतरी उभं असतं आणि दक्षिणेकडे जाणारे समुद्रपक्षी मोजत असतं. १९९३ पासून हा नेम चालू आहे. न्यू जर्सी ऑड्युबॉन या संस्थेची केप मे इथली पक्षी वेधशाळा ही गणना चालवते. हंगामाची बेरीज सात-आठ लाखांच्या घरात जाते, एखाद्या वर्षी दहा लाखांच्या आसपास.

पक्षीगणना मला नवीन नव्हती. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, त्यात मी बरीच वर्षं उजनीच्या पाण्यावर, भिगवणच्या बाजूला जातो. पण तिथे पक्षी बसलेले असतात आणि आपण होडीतून त्यांच्याकडे सरकतो. इथे मोजणारा एका जागी उभा आणि पक्षी सगळे चालते. जे गेलं ते गेलं, पुन्हा समोर येणार नाही. असं कसं मोजत असतील, ते बघायचं होतं.

पहाटे चारला निघालो. गार्डन स्टेट पार्कवेची एक सोय आहे : एक्झिटचे आकडे म्हणजे रस्त्याच्या दक्षिण टोकापासूनचे मैल. आम्ही रस्त्याला लागलो तेव्हा आकडा १३० च्या आसपास होता आणि आम्हाला उतरायचं होतं १३ वर. पाइन बॅरन्सचं वालुकामय पाइनचं रान अंधारातच मागे पडलं. डावीकडे अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंचा उजेड दिसला आणि संपला. १३ नंबरला बाहेर पडलो तेव्हा पूर्वेला जरा फटफटलं होतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाऱ्या दलदलीतलं पिवळं गवत एका अंगावर झोपलं होतं. वारा वायव्येचा होता. मला हवा होता तोच.

वाऱ्याचं एवढं कौतुक का, ते भाचीला गाडीतच सांगितलं होतं. उत्तरेकडून थंड हवेची लाट पुढे सरकते आणि तिच्यामागून वायव्येचे वारे सुटतात. कॅनडाकडचे पक्षी ही संधी साधतात, कारण पाठीवर वारा मिळतो. किनारा धरून ते दक्षिणेला येतात आणि ॲव्हलॉनचं बेट उत्तरेकडच्या बेटांपेक्षा जवळजवळ मैलभर समुद्रात पुढे आलेलं आहे. त्यामुळे इतर ठिकाणी दूरवरून जाणारे थवे इथे दुर्बिणीच्या टप्प्यात येतात. उन्हाळ्यात या पुढे आलेल्या मैलामुळे इथे हवा गार असते, असं गावचे लोक अभिमानाने सांगतात. पक्षी मोजणाऱ्यांनी तोच मैल थंडीत कामाला लावला आहे.

रस्त्याच्या टोकाला पोहोचलो तेव्हा त्या हंगामाची गणक आधीच उभी होती. पंचविशीतली मुलगी, डोळे सोडून सगळं लोकरीत गुंडाळलेलं. समोर तिकाटण्यावर टेलिस्कोप, गळ्यात दुर्बीण, हातात बोटाने दाबायचा गणक-यंत्राचा खटका. आम्ही नमस्कार केला. तिने मान हलवली, पण डोळे समुद्रावरून काढले नाहीत. पुढे दिवसभर आमचं सगळं बोलणं तिच्या पाठीशी किंवा फार तर कानाशी झालं.

पहिली काही मिनिटं समुद्रावर मला लाटांखेरीज काहीच दिसलं नाही. मग लाटांच्या वर, अगदी पाण्याला घासून, एक काळी रेघ सरकताना दिसली. रेघ मध्येच जाड व्हायची, तुटायची, लाटेआड जायची, पुन्हा जुळायची. मग तिच्या मागे दुसरी, तिसरी. क्षितिजाच्या अलीकडचा सगळा पट्टा उत्तरेकडून दक्षिणेकडे चालला होता. हे स्कोटर. काळी समुद्री बदकं. उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तरेकडच्या तळ्यांकाठी यांची वीण होते आणि थंडीला ती डेलावेअर आणि चेसापीकच्या खाड्यांत आणि त्याही खाली जातात, बुड्या मारून शिंपले खात राहतात. त्यांची मोठी गर्दी ऑक्टोबरातच होऊन जाते, तरी नोव्हेंबरच्या मध्यालाही रांगा थांबत नव्हत्या.

आता यांची मोजणी. एकेक पक्षी मोजायला वेळ मिळत नाही. तीनशेंची रांग अर्ध्या मिनिटात समोरून निघून जाते. गावच्या लग्नात पंगत बसली की एखादे जाणते काका पहिल्या ओळीतली दहा पानं मोजतात, ती केवढी जागा घेतात ते नजरेत धरतात आणि मांडवावरून एकदा नजर फिरवून स्वयंपाकघरात आकडा सांगतात. इथेही तीच रीत. दहा पक्षी खरोखर मोजायचे, दहा म्हणजे आकाशातली किती लांबी ते ठरवायचं आणि ते माप रांगेवर टाकत जायचं. थवा मोठा असेल तर माप पन्नासाचं, शंभराचं. रांग कुठे दाट, कुठे विरळ, तसं माप आवळायचं नाहीतर सैल करायचं. दर मापाला खटक्याचा एक आवाज. तास संपला की तासाचे आकडे नोंदवायचे, सोबत वारा, ढग आणि किती लांबचं दिसतंय तेही.

पण नुसता आकडा पुरत नाही, कोण ते सांगावं लागतं. स्कोटरच्या इथे तीन जाती. एकीच्या पंखांच्या मागच्या कडेला पांढरा चौकोन, ती लगेच ओळखू येते. उरलेल्या दोन काळ्याच. त्यातल्या ब्लॅक स्कोटरच्या पंखांची टोकं खालून रुपेरी चमकतात, सर्फ स्कोटरच्या नराच्या डोक्यावर पांढरी ठिगळं असतात. जवळून जाणारी रांग असेल आणि ऊन पाठीवर असेल तर हे दिसतं. सकाळच्या वेळी, सूर्य समोर पाण्यावर असताना, दोन मैलांवरून दिसत नाही.

"मग तेव्हा काय लिहिता?" मी विचारलं.

"'काळ्या पंखांचे स्कोटर'," ती म्हणाली. "तसा वेगळा रकानाच आहे."

मला तो रकाना फार आवडला. अंदाजाने अर्धे इकडे, अर्धे तिकडे टाकले असते तर कोणाला कळलं असतं? विचारणारं तिथे कोणी नव्हतं. पण जेवढं दिसलं तेवढंच लिहायचं आणि जे ओळखता आलं नाही त्यालाही नाव आणि जागा द्यायची, हे सगळ्या पद्धतीत मुरलेलं होतं. भिगवणला आमच्या तक्त्यांत 'अनोळखी' हा रकाना बहुतेकदा कोराच असतो. सगळं ओळखल्याचा तो पुरावा नाही.

नऊच्या सुमाराला लून सुरू झाले. आपल्याकडे हा पक्षी नाही, त्यामुळे त्याला हाताशी मराठी नावही नाही. लांबट अंगाचा, टोकदार चोचीचा, पाण्यात बुडी मारणारा. त्यातले बहुतेक लाल गळ्याचे लून, आर्क्टिकच्या टुंड्रातल्या डबक्यांकाठी वाढलेले. थंडीत गळा करडा-पांढरा असतो, लाल काही दिसत नाही. आकाशात दूरवर लून आणि पाणकावळा यांत गल्लत होऊ शकते आणि ती टाळायचा सगळा मंत्र चालीत आहे. पाणकावळे इंग्रजी व्हीसारखी रचना करून उडतात, मान किंचित वर, आणि मध्येच पंख न हलवता तरंगतात. लून तरंगत नाही. तो एकसारखे पंख मारत जातो, मान जरा खाली लोंबलेली, पाय शेपटीमागे बाहेर आलेले, आणि थव्यात असला तरी प्रत्येक जण आपापल्या अंतरावर, विस्कळीत. ब्रँट नावाची छोटी काळी हंसबदकं जातात, त्यांच्या रांगेला कोन नसतो. ती लहरत जाते. दोन तासांत भाचीला हे इतकं जमू लागलं की ती मराठीत ओरडायची आणि गणक बाई आवाजाच्या रोखाने तिकडे स्कोप वळवायच्या.

मी ज्याच्यासाठी आलो होतो तो पक्षी दहानंतर दिसला. गॅनेट. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सहा फूट, अंग पांढरंशुभ्र, पंखांची टोकं काजळात बुडवलेली, आणि पुढे चोच, मागे शेपूट, दोन्ही टोकं निमुळती. उत्तर अमेरिकेत त्यांच्या वसाहती सहाच : तीन सेंट लॉरेन्सच्या आखातात आणि तीन न्यूफाउंडलंडच्या काठाला. माशांचा थवा दिसला की हा पक्षी शंभर फुटांवरूनसुद्धा पंख मागे घेऊन स्वतःला पाण्यात सोडतो. आपटताना मार बसू नये म्हणून त्याच्या छातीत आणि मानेत हवेच्या पिशव्या असतात आणि नाकपुड्या बाहेर उघडतच नाहीत. समोर एकामागून एक सहा-सात जण असे कोसळले. प्रत्येक वेळी पाण्याचा पांढरा खांब उभा राहायचा आणि आवाज वाऱ्याबरोबर भलतीकडेच जायचा.

गॅनेटला पुरता पांढरा व्हायला चार-पाच वर्षं लागतात. पहिल्या वर्षीचं पोर गडद तपकिरी असतं, मग दरवर्षी पांढरं वाढत जातं. म्हणजे थव्याकडे नीट बघितलं तर किती पोरं, किती तरणे, किती जाणते याचाही अंदाज येतो. हे महत्त्वाचं का, ते २०२२ मध्ये कळलं. त्या वर्षी बर्ड फ्लूने पूर्व कॅनडातल्या वसाहतींत हजारो गॅनेट मेले. वसाहतीत जाऊन प्रेतं मोजता येतात. पण तिथून वाचलेल्यांचं पुढे काय झालं, पुढच्या वर्षी पोरं किती आली, हे वाटेवर उभं राहून मोजणाऱ्यालाही विचारावं लागतं.

अकराला मध्येच सगळं थांबलं. समुद्र रिकामा. भाचीने डबा उघडला : तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचं आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. गणक बाईंनी एका हाताने पुरी खाल्ली, डोळे समोरच. त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत आले. बंधाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणं हाही या कामाचा भाग आहे. त्यांनी शंका काढली ती अगदी आपल्या चावडीवरच्या माणसाने काढावी तशी : "तोच पक्षी फिरून येत असेल तर?"

"दक्षिणेकडे चाललेलेच धरतो," ती म्हणाली. "हे समोर घिरट्या घालणारे कुरव आहेत ना, ते इथले झाले. त्यांना धरत नाही."

"आणि रात्री जाणारे?"

"ते राहतात."

रात्रीचे राहतात, धुक्यातले राहतात, क्षितिजापलीकडून गेलेले राहतात. म्हणजे ही शिरगणती नाही. या किनाऱ्यावरून एकूण किती पक्षी गेले हे हा आकडा सांगत नाही आणि तसा दावाही कोणी करत नाही. तरीही त्याला किंमत आहे, कारण जे सुटतं ते दरवर्षी बऱ्यापैकी सारखंच सुटतं. जागा तीच, तारखा त्याच, वेळ तीच. एका वर्षाचा आकडा एकटा मुका असतो. त्याच्या शेजारी दुसऱ्या वर्षाचा ठेवला की तो बोलायला लागतो. म्हणूनच तिने अकरा ते बाराच्या तासालाही तेवढंच नीट नोंदवलं. वारा अमुक, ढग अमुक, पक्षी जवळपास नाहीत. रिकामा तास हीदेखील नोंद आहे. तो गाळला तर भरलेल्या तासांचा अर्थच बदलतो.

दुपारी आम्ही केप मे पॉइंटला जाऊन आलो. १८५९ चं दीपगृह, त्याच्या पायथ्याशी लाकडी मचाण, तिथे शिकारी पक्ष्यांची वेगळी गणना चालते, ती १९७६ पासून. त्या वर्षी मोजणीला उभे राहिलेले पीट डन पुढे अमेरिकेतल्या पक्षिनिरीक्षकांमध्ये फार मोठं नाव झाले. वाळूत दुसऱ्या महायुद्धातला एक काँक्रीटचा बंकर आहे, १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्यांचं भय होतं तेव्हाचा. शत्रूची नौका येते का बघत सैनिक जिथे बसत, त्याच किनाऱ्यावर आता ससाणे आणि बदकं बघत माणसं बसतात. सनसेट बीचवर १९२६ मध्ये अडकलेल्या काँक्रीटच्या जहाजाचे अवशेष उरले आहेत, त्यांच्याभोवती बोनापार्टचे कुरव फिरत होते. नेपोलियनच्या पक्षिशास्त्रज्ञ पुतण्यावरून पडलेलं हे नाव. कुरवाच्या जातीचा असून हा उत्तरेच्या रानात झाडावर घरटं बांधतो.

परत ॲव्हलॉनला येताना खाडीच्या तोंडाशी टक्कल्या गरुड दिसला. अमेरिकेचं मानचिन्ह. त्याच्याबद्दल भाचीला जे सांगितलं ते इथेही सांगायला हवं, कारण मोजण्याचा खरा उपयोग त्यात आहे.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे. तिथून जाणारे शिकारी पक्षी लोक हौसेने गोळ्या घालून पाडत. १९३४ मध्ये रोझली एज या बाईंनी तो डोंगर ताब्यात घेतला आणि राखणीला मॉरिस ब्राउन यांना नेमलं. ब्राउन राखण करता करता जाणारे पक्षी मोजत राहिले. मोजून काय सिद्ध करायचं हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तेव्हा शेतात डीडीटी फवारलं जात नव्हतं, त्या नावाचं कीटकनाशकच बाजारात आलेलं नव्हतं. पुढे ते आलं, माशांतून गरुडांच्या पोटात गेलं, अंड्यांची कवचं पातळ झाली. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये 'सायलेंट स्प्रिंग' लिहिलं, तेव्हा गरुडांची पिल्लं कमी होत असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी या डोंगरावरचे आकडे वापरले : जाणाऱ्या गरुडांत कोवळ्या पोरांचं प्रमाण घटत चाललं होतं. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. तोवर न्यू जर्सीची फार हानी झाली होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या राज्यात गरुडांचं एकच घरटं उरलं होतं. आज दोनशेहून जास्त जोड्या आहेत. आमच्या गाडीवरून गेला तो त्यांच्यातला एक.

ब्राउन यांनी डीडीटीविरुद्ध मोजणी सुरू केली असती तर ती कधीच वेळेवर सुरू झाली नसती. संकट दिसल्यावर मोजायला लागलं की संकटानंतरचेच आकडे मिळतात, आधीचे कुठून आणणार?

शेवटच्या तासाला पुन्हा स्कोटर आले, या वेळी सूर्य आमच्या मागे होता आणि जाती ओळखता येत होत्या. पावणेपाचच्या आतच सूर्य मावळला. गणक बाईंनी दिवसभरात पहिल्यांदा समुद्राकडे पाठ केली, टॅबलेटवर बेरीज तपासली आणि आकडा सांगितला. भाचीला तो ऐकून हर्ष झाला. तिने विचारलं, हा चांगला दिवस म्हणायचा का?

"तीस वर्षांचे आकडे शेजारी ठेवून सांगावं लागेल," ती हसून म्हणाली. "मी फक्त आजच्यापुरती आहे."

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात आपला किनारा होता. पावसाळ्यात नैर्ऋत्येचे वारे कोकणावर आदळतात, तेव्हा समुद्रात खोल राहणारे पक्षी थकून किनाऱ्याला लागतात. कधी बूबी, कधी फ्रिगेट, कधी अंटार्क्टिकाकडे वीण होणारं इवलंसं विल्सनचं वादळपाखरू. ते कोणाला तरी वाळूत सापडतं, फोटो निघतो, बातमी होते. वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरयांच्या वसाहती आहेत. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते ॲलन ह्यूम १८७५ मध्ये तिथे गेले होते आणि त्यांनी तिथल्या पक्ष्यांविषयी लिहून ठेवलं. थंडीत आक्षीच्या आणि हर्णैच्या वाळूत कुरवांचे थवे उतरतात. हौशी पक्षिनिरीक्षकांची आपल्याकडे वाण नाही, चांगले कॅमेरेही पुष्कळ आहेत. पण फोटो दुर्मीळ पक्ष्याचा निघतो आणि गणना बहुतेकदा नेहमीच्या पक्ष्यांची असते. वर्षांच्या रांगेत घसरण दिसते तीही नेहमीच्यांचीच.

जयगडसारख्या, पाण्यात पुढे आलेल्या एखाद्या सड्यावर ठरावीक आठवडे, ठरावीक तास, एक माणूस आणि एक स्कोप, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. खर्च फार नाही. अवघड आहे ती दुसरी गोष्ट : पहिली वीस वर्षं यातून काही सिद्ध होणार नाही, हे आधी मान्य करावं लागेल. अनुदान मागताना हे वाक्य लिहिणं कठीण आहे. पण ॲव्हलॉनचे १९९३ चे आकडे आज कामाचे आहेत ते १९९३ मध्ये कोणीतरी त्या वाऱ्यात उभं राहिलं म्हणून, आणि त्यानंतर दर सप्टेंबरला त्याच रस्त्याच्या टोकाला कोणीतरी येत राहिलं म्हणून. आपल्या सड्यावरचा माणूस ज्या वर्षी उभा राहील, तेच आपलं पहिलं वर्ष. ते जितकं लांबेल तितकं तुलनेला हाताशी कमी उरेल.